शंभर महादेव

चूक मायेपोटी घडली तर तिला अपराध म्हणावे काय, याचा निर्णय शास्त्रांनीही घाईने दिलेला नाही. धसईच्या देवकीबाईंची चूक तर निखळ मायेतूनच घडली होती.

त्यांचा पुत्र जयराम मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लेसरवर काम करी. मोहरीएवढ्या इंधनाच्या गोळीवर सर्व बाजूंनी प्रखर किरण सोडून सूर्याच्या पोटातली ऊर्जा मिळवता येईल काय, हा तेथील शोध. किरण सर्वत्र सारखा पडला नाही, तर कुठे जाड कुठे पातळ थापलेल्या भाकरीसारखी गोळी बिघडे. किरण सम व्हावा म्हणून चिमुकल्या भिंगांच्या ओळी असलेली तळहाताएवढी काच त्याने नाशिकहून घडवून आणली आणि वाटेत घरी जेवायला थांबला.

प्रयोगशाळेत काचेचा डबा उघडला, तेव्हा वरिष्ठांनी चष्मा वर सरकवला.

"जयराम, ही साधी काच आहे. आणि हिच्यावर कुंकू कसं? सोमवारी चाचणी आहे. काच आली नाही, तर हे काम तुमच्याकडे राहणार नाही."

ते कुंकू जयरामने ओळखले. साधी काच घेऊन तो धसईला परतला, तो घरासमोर बायकांची रांग.

"आये, डबा उघडला होतास काय गो?"

"उघडला. तुजी काच सगळी खवल्या-खवल्यांची. म्हटलं, दुकानदारानं फसवलं, आता सायेब बोल लावंल. म्हून म्हशाच्या जत्रेतून आणलेल्या म्हादेवाच्या तसबिरीची चांगली काच तुला दिली. तुजी देवाला लावली. तं बघते, येकाचे शंभर म्हादेव."

रांगेत सर्वांत पुढे शेजारच्या सकुबाई शेंदूर कालवून तयार होत्या. "जागृत देव हाय. आदी मला लेपू दे, मग बोल."

शेंदराचे बोट काचेपाशी पोचले, तोच देवकीबाईंनी सकुबाईंचे मनगट धरले.

"राहू दे गो सकू. शंभरांना निवेद दाखवून कणगीतलं तांदूळ खाली गेलं. मला आपला येकच म्हादेव पुरे. ने रे तुजी काच."

सोमवारी पडद्यावर किरण असा सारखा पसरला, की वरिष्ठ पुढे होऊन काच जवळून निरखू लागले.

"काठावर हळदीचा ठिपका राहिलाय."

"साहेब, तो किरणाच्या वाटेत येत नाही."

"मग असू द्या."

ज्या माउलीने लेकराची लाज राखण्यासाठी देवाच्या तसबिरीची काच काढून दिली, तिची कणगी सदा भरलेली राहो.