अक्रोडाएवढी शोधाशोध

“उद्या मी येणार नाही,” बाबांनी भिंतीकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. सकाळी प्रोस्टेटचं ऑपरेशन होतं. लघवी पार तुंबत आली होती, आणि हे अडून बसले होते.

मुलगा कॉलेजात शरीररचना शिकवायचा. समजावणं हे आपलंच खातं, या घमेंडीत त्यानं प्रयोगशाळेतलं प्लास्टिकचं मॉडेल घरी आणलं आणि एकेक भाग सुटा करून बाबांच्या पलंगावर मांडला.

“हे वृषण. आत बारीक नलिकांची गुंतवळ असते, तिथे शुक्रपेशी तयार होतात. ही शुक्रवाहिनी. आणि मूत्राशयाखाली ही पुरःस्थ ग्रंथी.”

“गृहस्थ ठाऊक आहे. ही पुरःस्थ कोण?”

“प्रोस्टेट हो, बाबा! ग्रंथी आणि स्नायूंचं ऊतक. अक्रोडाएवढी असते, मधून लघवीची नळी जाते. वय झालं की फुगते आणि नळीचा गळा आवळते.”

“आणि तुम्ही माझा.”

चहा झाल्यावर आवरायला घेतलं, तर प्रोस्टेट गायब! मॉडेल सकाळी हॉस्पिटलला जाता जाता कॉलेजात परत द्यायचं होतं. मग काय, घरात नुसती रणधुमाळी. गाद्या झटकल्या, मुलगा टॉर्च घेऊन कपाटाखाली पालथा पडला, सुनेनं कचऱ्याचा डबा कागदावर ओतला. आवाज ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या.

“बाबांची प्रोस्टेट गेली हो!” सून म्हणाली.

काकूंच्या कानात ‘बाबा’ आणि ‘गेले’ एवढंच शिरलं. “अगं बाई, गेले? काल तर बोलले माझ्याशी!”

“अजून आहे मी,” पलंगावरून आवाज आला. “थोडा उशीर आहे.”

काकू ओशाळून गेल्या. मुलगा घामाघूम होऊन मटकन खाली बसला. “संपलं! प्राचार्य माझी सालटी काढणार.”

बाबांनी उशीखालून मूठ काढून उघडली. आत प्रोस्टेट.

“बाबा! काय हा पोरखेळ?”

“ही हरवली तर घर डोक्यावर घेतलंत.” बाबांनी ती मुलाच्या हातात ठेवली. “माझी खरी कधीपासून छळतेय रे. रात्री भिंत धरत बाथरूमला जातो. कुणी उठून दिवासुद्धा लावला नाही. तुझी आई गेल्यापासून तर विचारायलाही कुणी नाही.”

मुलाची मान खाली गेली. “चुकलं, बाबा. उद्या मी ऑपरेशन थिएटरच्या दारातून हलणार नाही.”

“मग येतो,” म्हणत बाबा उठले. लघवीची घाई झाली होती. मुलानं धावत जाऊन दिवा लावला, सुनेनं हात धरला, आणि दोघंही बाथरूमच्या दारात उभे राहिले.

आतून बराच वेळ आवाज नाही.

“झाली का, बाबा?”

“तुम्ही दोघं पहाऱ्याला असताना?” बाबा कळवळले. “जा रे बाबांनो, झोपा! होती तेवढीही थांबली!”