ओढ्यावरच्या शिट्टीची तक्रार

आमच्या शेजारच्या मुलाणीचाचांनी एकदा सोसायटीकडे चक्क एका पक्ष्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. ‘रोज पहाटे ओढ्याकडून कुणी टवाळ माणूस शिट्ट्या मारतो. बंदोबस्त व्हावा.’

चाचा रेल्वेतले निवृत्त गार्ड. जन्मभर नियमानं शिट्टी वाजवलेला माणूस. विनाकारण वाजलेली शिट्टी त्यांना शिवीसारखी लागते.

शेवटी मीच त्यांना ओढ्यावरच्या पुलावर नेलं. दगडावर काळसर पक्षी बसला होता, कपाळावर आणि खांद्यांवर झळझळीत निळा.

“चाचा, हा तुमचा टवाळ. शीळकरी कस्तूर म्हणतात याला.”

चाचांनी त्याचं गाणं नीट ऐकलं. “सूर नाही. शिकाऊ दिसतोय.”

तक्रार मागे घेतली, तीही लेखी. मग वही आली. पहाटेची पहिली शीळ किती वाजता, याची रोज नोंद. “आज सात मिनिटं लेट. नियमात बसत नाही!” कस्तुरानं आमच्या पंपाच्या खोलीत घरटं केलं, तेव्हा तर चाचा दाराशी खुर्ची टाकून बसले आणि पंप बघायला आलेल्या माणसाला चपला काढायला लावल्या.

पावसाळा सरला आणि शीळ थांबली. चौथ्या दिवशी चाचा दाढी न करताच माझ्याकडे आले.

“गेला हो. मांजरानं धरला असणार.”

“अहो, विणीचा हंगाम संपला की तो गप्पच असतो. उन्हाळ्यात पुन्हा गाईल.”

“डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही मानणार. शेवटच्या डब्याची पाटी दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली म्हणत नाहीत.” मग हळूच म्हणाले, “माझं सोडा. हिला काय सांगू?”

अर्धांगवायूनं चाचींची वाचा गेलीय, त्याला दोन वर्षं झाली. ती शीळ ऐकली की त्या हसायच्या, दिवसातून तेवढंच. मी मात्र आपला चाचांच्या वहीची थट्टा करत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींना चाकाच्या खुर्चीतून पुलावर नेलं. अर्धा तास काहीच नाही. माझाही धीर सुटत चालला. तेवढ्यात खाली टकटक ऐकू आली. कस्तूर खेकडा दगडावर आपटत होता, अगदी धडधाकट, तोंडातून चकार शब्द नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग चाचा चाचींच्या कानाशी वाकले. “बघितलंस? बोलत नाही, पण आहे. मला तेवढं पुरतं गं.”

चाची हसल्या. चांगला हात उचलून त्यांनी चाचांच्या खांद्यावरचं वाळकं पान काढून टाकलं.