आत किती, बाहेर किती?

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला "आज लघवी किती झाली?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय! आमचे राजेशम सर! विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू अन् वॉर्डात सोलापुरी. चहा प्यायले तरी हातावर लिहायचे, 'आत दीडशे मिली.' अन् नमस्काराच्या जागी एकच, "आत किती, बाहेर किती?"

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा डॉक्टर. मूत्रपिंडं अचानक बंद पडली की रक्त शुद्ध करायच्या मशीनसाठी पेशंट मुंबईला पाठवायचा, दुसरा इलाजच नव्हता. सर म्हणाले, "मशीन न्हाय तर न्हाय. पोट हाय की!"

पोटात नळी घालायची, औषधी पाणी सोडायचं, थोड्या वेळानं काढून घ्यायचं. रक्तातली घाण त्याच्याबरोबर बाहेर! पाणी कोमट राहावं म्हणून सरांनी घरच्या मागावरच्या कोऱ्या चादरी आणल्या अन् तापवलेल्या बाटल्या त्यात गुंडाळल्या.

"बाटल्यांचं बारसं हाय का, डॉक्टर?" सिस्टर हसल्या.

"व्हय, घुगऱ्या आणा!"

पहिली पेशंट कुंभारीची शेवंता. फुरसं चावलेलं. विषावरचं इंजेक्शन लागू पडलं, पण लघवी बंद, अंग सुजून टम्म. सर नऊ दिवस वॉर्डातच. पाणी आत, पाणी बाहेर. शेवंता शुद्धीवर आली, "भाकरी द्या की" म्हणाली, पण लघवीचा थेंब नाही. मूत्रपिंडं जागी झाली नाहीत तर सगळं फुकट.

दहाव्या दिवशी दुपारी सर अन् मी बघतो तर लघवीचं भांडं धुऊन पालथं! शेजारी शेवंताची सासू पदर खोचून उभी.

"झाली की लघवी. टाकली मी. बाईमानसाचं असलं कुनाला दाखवत्यात व्हय?"

"अय्यो! आजी, मोजायची होती ती!" सर ओरडले.

"मोजायला काय दूध हाय?"

"दुधापेक्षा लई महाग हाय! किती होती?"

आजींनी तांब्या उचलून अर्ध्यावर बोट ठेवलं. सरांनी तांब्याला, आजींना अन् मला ओळीनं मिठी मारली! वॉर्डभर नाचले! ज्या सिस्टर हसल्या होत्या, त्यांनीच पेढे मागवले.

शेवंता स्वतःच्या पायानं चालत वॉर्डाबाहेर पडली. आम्ही फाटकाशी उभ्या टांग्यापर्यंत सोडायला गेलो. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मालकिनीला घिऊन हुरड्याला या की."

"येतो की," सर हसले.

टांगा वळल्यावर मी चिडवलं, "सर, लग्न झालंय हे बोलला नाहीत कधी?"

"झालं होतं. बाळंतपणानंतर लघवी बंद पडली. रेल्वेनं मुंबईला नेत होतो." ते रस्त्याकडं बघत राहिले. "कुर्डुवाडीपर्यंत बोलत होती."

तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली, सांगोल्याहून पेशंट आला होता. सर पळतच आत गेले.