लुकमान तडवीची उंची

प्रत्येक लढत जिंकली की लुकमान तडवीची उंची दोन बोटं कमी होई आणि हरलेल्याची तेवढीच वाढे. वजन मात्र दोघांचंही होतं तेवढंच राही.

हे आमच्या भुसावळचं, कोळशाची इंजिनं होती तेव्हाचं. लुकमान लोको शेडमध्ये फिटर होता आणि रेल्वेच्या बॉक्सिंग संघातून हेवीवेट गटात लढायचा. मी स्पर्धांना घंटा वाजवायचो, त्यामुळे त्याच्या बहुतेक लढती मी रिंगच्या काठाशी बसून पाहिल्या. नोकरीला लागला तेव्हा तो दारातून वाकून येणारा गडी होता. मग जिंकत गेला. पुढे एका संघाने हरकत घेतली, की एवढासा माणूस हेवीवेटमध्ये कसा? पंचांनी नियम वाचले, त्याला काट्यावर उभं केलं आणि सांगितलं, "नियमात वजन आहे, उंची नाही. काटा बरोबर आहे." विषय मिटला.

बुटका होत गेला तसा तो जास्तच भारी पडू लागला. त्याला मारायचं तर वाकावं लागे, आणि कुणी वाकलं की लुकमानचा डावा हात खालून हनुवटीवर येई. काय सुंदर यायचा तो हात! तसा ठोसा मी नंतर पाहिला नाही. घरी मात्र त्याच्या बायकोने, नजमाभाभीने, खाट काढून जमिनीवर गादी घातली होती. एवढ्याशा अंगात तेवढं वजन खाटेला पेलत नव्हतं.

त्याच्याकडून सगळ्यात जास्त वेळा हरला तो नागपूरचा शालिक हेडाऊ. दरवर्षी यायचा, हरायचा, आणि थोडा उंच होऊन परत जायचा. शेवटी शेवटी तो वाशासारखा दिसायला लागला होता.

ज्या वर्षी दोघंही खेळातून निवृत्त होणार होते, त्या वर्षी अंतिम लढतीच्या आदल्या सकाळी शालिक लुकमानच्या क्वार्टरवर आला. मी तिथेच होतो. दारातून आत येणं त्याला जमेना, म्हणून आम्ही अंगणात बसलो. भाभीने चहा आणला.

"लुकमान, मले आता तुही उंची नको," शालिक म्हणाला. "पोरीच्या लग्नात साऱ्यांच्या डोक्यावरून पाहत उभा होतो. खाली कोण काय बोलते, काही आयकू येत नाही."

"परत देता आली असती तर घेतली असती रे," लुकमान म्हणाला. "मला तरी कुठं दिसतंय काही? बाजारात गेलो की नुसते लोकांचे गुडघे."

"मग उद्या हरा ना तुम्ही," भाभी म्हणाली. "आणखी किती कमी व्हायचं? तुम्हाला हाक मारायची तर आताच मला खाली बसावं लागतं."

शालिकच म्हणाला, "नाही वहिनी. मुद्दाम हरला तर मी एवढी वर्षं खरा हरलो, त्याले काय अर्थ राहिला? मले जिंकायचं आहे, पण त्यानं पुरा जोर लावल्यावर."

"लावीन," लुकमान म्हणाला. भाभी रिकामे कप उचलून आत निघून गेली.

लढतीला रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल भरला होता. लुकमान खालच्या दोरीखालून आत आला, शालिक वरच्या दोरीवरून. मी घंटा दिली.

त्या दिवशी शालिक वाकलाच नाही. ताठ उभा राहिला आणि ते लांबच लांब हात नुसते खाली सोडून पुढे-मागे खेळवत राहिला. लुकमानला आत शिरायला वाट मिळेना. त्याने जोर लावला, सगळा लावला. शेवटच्या फेरीत त्याचा श्वास मला घंटेपाशी ऐकू येत होता. एकदा डावा हात पोटापर्यंत पोचला आणि शालिक हेलपाटला, पण पडला नाही.

पंचांनी शालिकला विजयी ठरवलं आणि हात त्यालाच वर करायला सांगितलं, कारण त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी दोघांची उंची मोजली. कुणाचीच बदलली नव्हती.

लुकमान कोपऱ्यात उभा होता. शालिक तोंड पुसत त्याच्याकडे गेला, खाली बसला, त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलू लागला. ते सोपं नव्हतं. वजन हेवीवेटचंच होतं. तरी तो पूर्ण उभा राहिला आणि त्याने लुकमानला खांद्यावर बसवलं.

लुकमानने सगळा हॉल वरून पाहिला. खुर्च्या, माणसं, दाराजवळ डोक्यावरचा पदर सावरत उभी असलेली भाभी. कितीतरी वर्षांनी तिला मान वर करून त्याच्याकडे बघावं लागत होतं.

"उतरवू?" शालिकने विचारलं.

"जरा थांब," लुकमान म्हणाला. "पंख्यावर फार धूळ बसलीय."

शालिक थांबला. लोक पांगले, आम्ही रिंगच्या दोऱ्या सोडून गुंडाळल्या, तरी ते दोघं तसेच होते.