छान म्हंजे काही चव होय का?

दर्यापूरच्या आमच्या देवरावमामांना हॉटेलात न्यायचं म्हणजे शेजारच्या टेबलाची आधीच माफी मागून ठेवावी लागते. कुणीही अनोळखी माणसानं घास तोंडात घातला, की मामा वाकून विचारतात, "कसं लागून राहिलं जी?" तो माणूस ठसकतो. मी मेनूकार्डामागे लपतो.

अमरावतीत समुद्री जेवणाचं नवं हॉटेल निघाल्याचं कळलं आणि मामा एसटीनं हजर. "समुद्राचं काई तरी खाऊ घाल बाप्पा." आमच्याकडे मासा म्हणजे पूर्णा नदीचा. तरी काउंटरवर मी जाणकाराच्या थाटात लॉबस्टर रोल सांगितला. तो मी आजवर फक्त मुलीच्या मोबाइलवर पाहिला होता. आला तो लोण्यात भाजलेला लांबट पाव, पोटात पांढरे-लालसर तुकडे भरलेला.

"हे काय होय?"

"शेवंड, मामा. समुद्रातला मोठा झिंगा."

"मंग तू खाय आंधी. कसं लागते सांग."

मी खाल्लं. "छान."

"छान म्हंजे काही चव होय का? छान तं शर्ट बी असते. तुही मामी इचारन, तं काय सांगू तिले?"

एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं रोल उचलला. "कसं लागून राहिलं वं बाई?"

"क्रीमी," ती दचकून म्हणाली.

"क्रीम तं तोंडाले बाहेरून लावतेत," मामा पुटपुटले. त्यांचं पुटपुटणं काउंटरपर्यंत जातं.

शेवटी त्यांनीच घास घेतला. डोळे मिटले. "शिंगाडा... नाही. शिंगाडा मोडते, हे दबते." दुसरा घास. "उकडलेला भुईमूग? नाही बे." रोल संपत आला, तसा मामांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"मामा, मामीला एक बांधूनच नेऊ ना!"

"त्यानं जमत असतं, तं मी तुह्या मांगं लागलो असतो का, लेका?"

मग शेवटच्या घासाला टेबलावर थाप पडली. "हुरडा! कोवळा हुरडा, त्याले मिठाचा हात, अन् वरून लिंबू!"

त्यांना सोडायला मी दर्यापूरला गेलो. मामीनं आम्हा दोघांना भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. भाजीत मिठाचा कणही नव्हता. मी सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी डोळ्यांनीच दटावलं. मामी पाणी आणायला आत गेली, तेव्हा म्हणाले, "मांगच्या तापापासून तिले कशाचीच चव लागत नाही. कोनाले सांगू देत नाही. नुसती गिळते."

आणि तीच बिनमिठाची भाजी ते निवांत खात राहिले.

मामी आपलं ताट घेऊन समोर बसली. "काय खाल्लं मंग मामा-भाच्यानं?"

मामांनी हात थांबवला. "पह्यले लोनी येते, भाजलेल्या पावाचं. मंग आतून हुरडा निंगते, एकदम कोवळा. त्याच्या मांगून मीठ, अन् मंग..."

मामीनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि डावा हात वर केला.

"जरा दमानं सांगा ना जी. घास तोंडातच हाय."