डाव्या दाराचा मान

श्यामसुंदरराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या पुढच्या डाव्या दारासमोर मांडी घालून बसले होते. दाराचं आतलं पॅनेल त्यांच्या मांडीवर होतं आणि दाराचा नुसता पत्रा उरला होता. काम आपल्या हाताबाहेर गेलंय हे त्यांना केव्हाच कळलं होतं, पण सदाशिव पेठेत ते कबूल करायची पद्धत नाही.

सगळं प्लास्टिकमुळे झालं होतं. गाडी घेतल्यापासून सीटवरचं आणि दारांवरचं शोरूमचं प्लास्टिक त्यांनी कुणाला काढू दिलं नव्हतं. आज बायकोने, श्यामलाबाईंनी, हुकूम सोडला होता. हिंजवडीच्या कंपनीतल्या योगेशशी लेकीचं, दीपमालाचं, जुळलं होतं आणि त्याचे आईवडील आज वर्ध्याहून यायचे होते. पुण्याची माणसं कोरडी, असं वडिलांनी, नागोरावांनी, ऐकलेलं. माणसं स्वतः पारखल्याशिवाय ते होकार देणार नव्हते.

"ते प्लास्टिक बघून त्यांना वाटेल, बसण्याआधी पाय पुसायला सांगतील," श्यामलाबाई म्हणाल्या होत्या.

सीटवरचं निघालं. दारावरच्या प्लास्टिकची कड मात्र पॅनेलखाली दाबलेली होती. कात्रीने कापलं असतं तरी भागलं असतं, पण अर्धवट काम श्यामसुंदररावांना खपत नसे. त्यांनी स्क्रू काढले, पॅनेल ओढलं आणि मागच्या निम्म्या क्लिपा फटाफट तुटल्या.

"गाडी दुरुस्त करताय की सोलताय?" शेजारच्या बद्रीनाथांनी गॅलरीतून विचारलं.

"प्लास्टिक काढतोय."

"मग पत्रा कशाला ठेवलात?"

श्यामसुंदररावांनी पॅनेल गुडघ्याने दाबून बसवलं. दोन स्क्रू उरले ते खिशात टाकले. आत बसून दार लावून पाहिलं, तर आतलं हँडल लुळं. त्याची कुलपाकडे जाणारी सळई जोडायचीच राहिली होती. काचेचं हँडलही नुसतंच गरगर फिरत होतं. म्हणजे दार आता फक्त बाहेरून उघडणार. पुन्हा सगळं खोलायला वेळ नव्हता, रेल्वे यायची झाली होती.

"त्यांना मागे बसवा. मागची दारं धड आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या.

स्टेशनवर नागोरावांनी मागे बसायला साफ नकार दिला. "मी समोरच बसतो जी. पुणं दिसलं पाह्यजे!"

मग काय! सारसबागेपाशी गाडी थांबली, श्यामसुंदरराव उतरले, वळसा घालून धावले, दार उघडलं. चहाला थांबले, पुन्हा धावले. मिठाईच्या दुकानापाशी नागोरावांचा हात हँडलकडे जाताना दिसला आणि ते ओरडलेच, "नाही नाही! आपण हात लावायचा नाही!"

घरी पोचेपर्यंत त्यांचे गुडघे बोलू लागले होते. आता आपलं बिंग फुटणार आणि पोरीचं लग्न एका सळईपायी मोडणार, या धास्तीत ते नुसतेच पोहे चिवडत बसले.

नागोराव मात्र गहिवरले होते. "पुण्याचा मानूस पानीबी इचारत नाही, असं आमाले सांगत होते. अन् तुमी तर मले दाराले हात नाही लावू देल्ला! पोरगी आमची झाली, समजा."

दीपमालाने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी खिशातले स्क्रू मुठीत आवळले.

"लग्न लागेपर्यंत ते हँडल दुरुस्त करायचं नाही," पाहुणे गेल्यावर श्यामलाबाईंनी बजावलं.

पुढच्या महिन्यात साखरपुड्यासाठी मंडळी वर्ध्याला गेली. स्टेशनवर नागोराव स्वतःची गाडी घेऊन आले होते. त्यांनी श्यामसुंदररावांना आग्रहाने पुढे बसवलं. घर आलं. धोतराचा सोगा सावरत, धापा टाकत नागोराव गाडीला वळसा घालू लागले. "थांबा जी! तुमी हात नाही लावायचा!"

श्यामसुंदररावांना राहवेना. एवढी धावपळ म्हणजे यांचीही सळई निखळलेली असणार! त्यांनी हळूच आतलं हँडल ओढून पाहिलं.

दार अलगद उघडलं.

त्यांनी ते चटकन पुन्हा ओढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून नागोराव येईपर्यंत गप्प बसून राहिले.