लायसिन गैरहजर!

कदम बाई आमच्या घरी बरोबर जेवायच्या वेळी यायच्या, पण जेवायच्या नाहीत. आग्रह केला तर "माझं झालंय" म्हणायच्या. मग दारातूनच मान लांब करून आमच्या ताटांकडे बघायच्या आणि हजेरी घ्यायच्या.

"भात, हजर. लोणचं, हजर. लायसिन? लायसिन गैरहजर! डाळ कुठाय?"

आता माणसाने घास गिळावा की उभं राहून 'येस बाई' म्हणावं? मी चाळिशी ओलांडलेला बाप्या. माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे सुटकाही नाही. बाईंनी विचारलं की माझा हात आपोआप डाळीकडे जायचा. चीड यायची, पण जायचा.

भोईवाड्यातल्या जुन्या चाळीत बाई आमच्या शेजारी होत्या. चाळीचा टॉवर झाला तरी आमच्याच मजल्यावर आल्या. आमचं नशीब! जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, रिटायर झाल्या, पण वर्ग काही सुटला नाही. आता आख्खा मजला त्यांचा वर्ग. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ, असं त्या सांगायच्या. त्यातली बरीचशी शरीर घरच्या घरी बनवतं. नऊजण मात्र बनवताच येत नाहीत, ते ताटातूनच यायला हवेत. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोघं एकत्र आले की एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून बाईंचा नमस्कारच मुळी "नऊजण आले का?" असा. लिफ्टमध्येसुद्धा हेच.

माझ्या मुलीने एकदा मोबाइलवर वाचून दाखवलं, "आजी, सगळे एकाच जेवणात नसले तरी चालतं. दिवसभरात आले की झालं."

"अर्धी मुलं सकाळी आली आणि अर्धी संध्याकाळी, तर मी शिकवू कधी गं?" बाई म्हणाल्या.

त्यांची आणि माझ्या आईची खरी जुंपली ती बाबांच्या आजारपणात.

बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणलं, पण टाक्यांची जखम काही भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "प्रथिनं कमी पडतायत. डाळ, अंडी, मासे, सगळं द्या. अशीच राहिली तर जखम परत उघडावी लागेल." बाबा ऐंशीला टेकलेले. परत भूल, परत कापाकापी.

आणि आई त्यांना दोन्ही वेळ पेज आणि लिंबाचं लोणचं देत होती! "डाळीन जखम पिकता," हे तिने मालवणहून, माहेराहून आणलेलं ज्ञान. डाळ नाही, अंडं नाही, बांगडा तर वासानेही बाधणार. मी ओरडलो, बायकोने समजावलं. शेवटी मी प्रोटीन पावडरचा डबा आणला. बाबांनी एक घोट घेतला, "खडू आहे हा" म्हणाले आणि कप बाजूला सारला.

बाई रोज दारात. "अहो वहिनी, शरीराने नवी कातडी विणायची कशातून? लोकर द्यायची नाही आणि स्वेटर मागायचा!"

"बाई, तुमी शाळेत शिकवा. माझ्या घोवाची जखम काय तुमच्या शाळेत येणा नाय."

बाई तोंड पाडून गेल्या. मला वाटलं, आता येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी हातात झाकलेली वाटी घेऊन हजर! "कुळथाची पिठी केलीय. कुळथात लायसिन भरपूर. ही तरी तुमच्याकडचीच ना?"

आईने झाकण काढलं. काय सांगू, खाली गुठळ्या, वर पाणी आणि त्यात तरंगणारा करपलेला लसूण. आईने बोटावर घेऊन चाखलं मात्र, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी झाला नव्हता असा तिचा चेहरा झाला.

"हेका पिठी म्हणतत?"

"मग कशाला म्हणतात?"

झालं! आई तरातरा ओट्याशी गेली आणि बाईंना शेजारी उभं करून शिकवायला लागली. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, लसूण लाल झाला की लगेच ओतायचं, आमसूल शेवटी. घरभर वास सुटला. आणि आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, कधी नव्हे तो खणखणीत. "अगो, पिठी केलंस? भात वाढ!"

आई पळी धरून उभीच राहिली. आजारी पडल्यापासून बाबांनी तोंडाने काही मागितलंच नव्हतं. "अर्धीच वाटी हां," ती म्हणाली. अर्धी संपली, मग आणखी एक संपली. बाई बाबांच्या खोलीच्या दारात पुटपुटल्या, "लायसिन हजर."

रोज पट्टी बदलताना आई श्वास रोखून बघायची. जखम पिकली नाही, उलट सुकायला लागली. मग अंडं आलं, मग बांगडाही आला. आणि एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "छान! आता उघडायची गरज नाही." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलो. सांगायला लाज कसली? इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बाईंनी मुद्दामच पिठी बिघडवली, आईला डिवचायला, याची मला खात्री होती. "काय डोकं आहे बाईचं!" असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

त्याच दुपारी आई बांगड्याचं तिखलं आणि भात घेऊन बाईंकडे निघाली. डबा माझ्या हातात. दार उघडंच होतं. बाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात चहा आणि खारी. ओटा लख्ख, कुकर उपडा घातलेला. ओट्यावर सामान म्हणून एकच वस्तू होती, कुळथाच्या पिठाचं फोडलेलं पाकीट.

"बाई, ह्या काय जेवण?" आईने विचारलं.

बाई ओशाळल्या. "स्वयंपाक आमचे सर करायचे हो. मी नुसती हजेरी घ्यायचे." सर म्हणजे त्यांचे यजमान. ते जाऊन दोन वर्षं झाली. "एकटीसाठी कुकर कोण लावणार, वहिनी? आणि ती पिठी... मी अगदी मनापासून केली होती."

मला कुठे बघावं कळेना. आईने खारीची बशी उचलली, डब्यातला भात त्यांच्या पुढ्यात वाढला आणि त्यांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.

आता आमच्याकडे रोज एक ताट जास्त मांडतात. पानं वाढून झाली की आई दारात उभी राहते आणि मजला दणाणेल अशा आवाजात हाक मारते, "कदम बाई!"

पलीकडचं दार उघडतं, चपला वाजतात आणि उत्तर येतं, "हजर!"